रेडिओसाठी घरी बनवलेला ६ व्होल्टचा रेग्युलेटर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बाजारात तयार ॲडॅप्टर असताना हा खटाटोप कशाला, असं घरच्यांनी विचारून झालंय. कारण एकच, मीडियम वेव्ह. हलका स्विचिंग ॲडॅप्टर (आजकालच्या चार्जरसारखा, वीज वेगाने चालू-बंद करणारा) लावला की ५५८ किलोहर्ट्झवरच्या अस्मिता वाहिनीत निवेदकापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. माझ्या सर्किटमधला एलएम३१७, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी तीन पायांची रेग्युलेटर चिप, मात्र जास्तीचे व्होल्ट गुपचूप उष्णतेत घालवतो, रेडिओला त्याचा पत्ताही लागत नाही. आमचा जुना ट्रान्झिस्टर चार मोठ्या सेलवर चालणारा, म्हणजे ६ व्होल्टचा. मे महिन्यात सर्किट जोडलं, तेव्हापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ चालू आहे.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका फेरीत मिळतं. ९-०-९चा ट्रान्सफॉर्मर, दोन १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, झिरो बोर्डचा (सुटे भाग सोल्डर करायच्या भोकांच्या पट्टीचा) तुकडा. आउटपुट किती व्होल्ट हे ठरवायला आराखड्यांत बहुतेक २४० ओहमचा रेझिस्टर आणि पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, दाखवतात. मी १२० आणि ४७० ओहमचे साधे रेझिस्टर लावले. एलएम३१७च्या ठरलेल्या १.२५ व्होल्टच्या हिशेबाने ६.१५च्या आसपास येतात, मीटरवर ६.२ दिसतात. १२० ओहममुळे १० मिलिॲम्पिअर सतत वाहतात, त्यामुळे रेडिओ बंद असतानाही व्होल्टेज वर सरकत नाही. पॉट मुद्दाम टाळला. मुंबईच्या दमट हवेत त्याचा संपर्क कधी सुटेल सांगता येत नाही, आणि सुटला की आउटपुट थेट १० व्होल्टच्या वर. म्हाताऱ्या रेडिओवर एवढा जुगार कोण खेळणार?

खरी मजा गुणगुणीची. स्टेशनवर काटा आला की घुंऽऽ, जरा सरकवला की गायब. आधी सगळे कपॅसिटरवर संशय घेतात. पण फिल्टरचा दोष असता तर घुंघुं काटा कुठेही असताना ऐकू आली असती. डायोड दर सेकंदाला शंभरदा चालू-बंद होतात आणि मेनच्या वायरींतून आलेला रेडिओ सिग्नलही त्याच तालावर कापतात. प्रत्येक डायोडला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावला आणि घुंघुं गेली. आराखड्यात हे दोन चिमुकले कपॅसिटर क्वचितच असतात. एलएम३१७च्या ॲडजस्ट नावाच्या पायापासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावल्याने उरलीसुरली कुरकुरही दबली.

तापतं का? साधारण १०० मिलिॲम्पिअरला अर्ध्या वॉटच्या वर उष्णता होते. छोटा हीटसिंक पुरतो, हात ठेवता येतो. एलएम३१७चा धातूचा पाठीचा भाग आउटपुटला जोडलेला असतो (७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा ग्राउंडला), म्हणून अभ्रकाची चकती न घालता तो लोखंडी डब्याला टेकवू नका. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज आणि जोडांवर स्लीव्ह हवेच, तिथे काटकसर नको.

तक्रारी आहेत. ट्रान्सफॉर्मर रात्री बारीक घुमतो, प्लग काढला नाही तर फुकट वीज खातो, आणि डबा फळीवर जागा अडवतो. जुलैत झिरो बोर्डचं उघडं तांबं काळवंडलं. सोल्डरिंगनंतर फ्लक्स पुसून वरून वॉर्निश मारणं इथे गरजेचंच. मोबाइल चार्ज करायचा असेल तर हे बनवू नका, सरळ चार्जर घ्या.

जुन्या रेडिओंच्या सॉकेटमध्ये मधली पिन बऱ्याचदा निगेटिव्ह असते, ते आधी मीटरने बघा. आमच्याकडे वीज गेली की पिन उपटतो, सॉकेटमधला स्विच सेल जोडून देतो. तेवढ्यासाठी सेल आत ठेवलेत, पण ते पाझरले नाहीत ना, हे अधूनमधून झाकण उघडून बघावं लागतं.