आधी कॅरी ग्रँट की जेम्स स्टुअर्ट?

जुनं हॉलिवूड एकाच नायकाचा हात धरून बघायचं ठरवलंत, तर माझ्या मते खरी चुरस या दोघांत आहे. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने दोघांनाही चार-चार सिनेमांत घेतलं, त्यामुळे तुलनेला एक पक्की मोजपट्टीही आहे.

ग्रँट म्हणजे मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा आर्चिबाल्ड लीच, जन्म १९०४. आई मनोरुग्णालयात होती, आणि ती जिवंत आहे हे त्याला कळलं थेट तिशीत. कसरतपटूंच्या एका चमूबरोबर तो १९२० मध्ये न्यूयॉर्कला आला. पुढे जगाला भुरळ घालणाऱ्या त्या रुबाबाखाली हीच तालीम आहे. ‘ब्रिंगिंग अप बेबी’त (१९३८) ऑलिव्हवरून घसरून तो आपल्याच टोपीवर बसतो, ते बघा, इतकं मोजूनमापून पडणं कसरतपटूलाच जमावं. पॅरामाउंटचा करार संपल्यावर त्याने स्वतःला एका स्टुडिओच्या दावणीला बांधून घेतलं नाही. १९६६ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षानंतर तो पडद्यावरून कायमचा बाजूला झाला.

स्टुअर्ट पेनसिल्व्हेनियातला, हार्डवेअर दुकानदाराचा मुलगा, प्रिन्स्टनचा वास्तुकलेचा पदवीधर. उंच, किडकिडीत, अडखळत बोलणारा. १९४१ मध्ये तो सैन्यात गेला आणि बॉम्बर विमानाचा वैमानिक म्हणून युरोपात त्याने २० लढाऊ मोहिमा केल्या. परतलेला माणूस वेगळाच होता. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधला (१९३९) भाबडा तरुण आणि दिग्दर्शक अँथनी मानच्या वेस्टर्नपटांतला सुडाने पेटलेला नायक लागोपाठ बघितले की दोघांत एकच नट आहे यावर विश्वास बसत नाही.

हिचकॉकने ग्रँटचं देखणेपण संशयास्पद केलं. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) प्रेमात असूनही तो इन्ग्रिड बर्गमनला शत्रूच्या घरात लोटतो, आणि वर तिलाच टोमणे मारतो. स्टुअर्टच्या बाबतीत हिचकॉक आणखी निर्दय झाला. ‘व्हर्टिगो’त (१९५८) सज्जन चेहऱ्याचा त्याचा नायक एका बाईला मेलेल्या बाईसारखं सजायला लावतो. ग्रँटकडून हे झालं असतं असं मला वाटत नाही. त्याने स्वतःला इतकं केविलवाणं दिसूच दिलं नसतं.

दोघे एकत्र फक्त ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त (१९४०) आहेत. दारूच्या प्रसंगात स्टुअर्ट ऐन वेळी उचकी देतो आणि ग्रँट कसाबसा हसू आवरतो. ऑस्कर मिळालं स्टुअर्टला. ग्रँटला १९७० मध्ये मानद ऑस्करवर समाधान मानावं लागलं.

एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ग्रँट घ्या, ‘नटोरियस’ लावा. त्याचे सिनेमे कुठूनही सुरू करता येतात. महिनाभर सवड असेल तर स्टुअर्ट, पण क्रमाने: आधी ‘मिस्टर स्मिथ’, मग ‘विंचेस्टर ७३’, मग ‘रिअर विंडो’. ‘व्हर्टिगो’ पहिलाच लावू नका. संथ वाटेल आणि अर्ध्यावर बंद कराल.