स्प्रिंकलरमधील फेरबदल आणि परवानगी : एका फायर एजन्सीच्या कामाचे परीक्षण

आमचे सनदी लेखापालांचे कार्यालय पुण्यात बाणेर येथील एका व्यापारी इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आहे. सुमारे ३,२०० चौरस फुटांच्या मोकळ्या हॉलमध्ये तीन केबिन, एक बैठकीची खोली आणि फायलींसाठी रेकॉर्ड रूम काढायचे ठरले, तेव्हा छताखालचे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागल्यास आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, हलवावी लागणार होती. त्यासाठी इंटिरिअर कंत्राटदाराने आपल्या अंदाजपत्रकात 'स्प्रिंकलर शिफ्टिंग' अशी एका ओळीची नोंद करून तिच्यापुढे ठोक रक्कम लिहून दिली होती. परवानगीचा त्यात उल्लेखच नव्हता. इमारतीच्या व्यवस्थापकांनी मात्र काम सुरू करू देण्याआधी स्प्रिंकलरचा सुधारित नकाशा, लायसन्सधारक एजन्सीचे पत्र आणि तो नकाशा अग्निशमन विभागाकडे सादर केल्याची पोच मागितली. त्यामुळे स्वतंत्र फायर एजन्सी नेमावी लागली. त्या एजन्सीविषयी काही तक्रारी असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

कंत्राटदारावर हे काम सोपवून मोकळे होण्याचा मोह आम्हालाही झाला होता. परंतु महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते, आणि यंत्रणा नियमांप्रमाणे बसवली असल्याचा नमुना 'अ' मधील दाखला केवळ लायसन्सधारक एजन्सीच देऊ शकते. हे लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळते. आमच्या एजन्सीने पहिल्याच भेटीत लायसन्सची प्रत आणि त्याची मुदत न मागता दाखवली. त्याआधी भेटलेल्या दोघांनी 'ते नंतर बघू' असे सांगितले होते, म्हणून आम्ही त्यांना तेथेच नकार दिला.

एजन्सीच्या कामाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे जागेची पाहणी. त्यांचे अभियंते शिडी लावून जवळजवळ तीन तास छताखालची मापे घेत होते. जुन्या मांडणीत ३१ हेड, म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोट्या, होत्या आणि आगीच्या धोक्यानुसार आमच्या वर्गातील जागेसाठी एका हेडने जास्तीत जास्त १२ चौरस मीटर क्षेत्र सांभाळावे हा निकष पाहता मोकळ्या हॉलला ते पुरेसे होते. अडचण भिंतींची होती. छतापर्यंत जाणारी काचेची भिंत मध्ये आली की शेजारच्या हेडचे पाणी पलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे एकूण क्षेत्रफळ न बदलताही प्रत्येक बंद खोलीला स्वतःचे हेड लागते. अशा हिशेबाने १२ हेड सरकवावे आणि ९ नवे घालावे लागले. रेकॉर्ड रूममध्ये आम्ही छताला भिडणारे रॅक योजले होते. हेडच्या खाली सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी नसेल तर पाण्याचा फवारा पसरतच नाही, हे सांगून त्यांनी रॅकचा वरचा खण कमी करायला लावला.

मात्र त्यांच्या सगळ्या शुल्काची भरपाई एकाच सूचनेने झाली. आर्किटेक्टने फॉल्स सीलिंग असे खाली घेतले होते की स्लॅब आणि सीलिंग यांच्यामधील पोकळी ९०० मिलिमीटर होत होती. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ही पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्या आतही स्प्रिंकलर बसवावे लागतात, म्हणजे एकावर एक असे दोन थर. अभियंत्यांनी सीलिंग १५ सेंटिमीटर वर उचलण्यास सुचवले आणि वरचा थर टळला. खोल्याही थोड्या उंच वाटू लागल्या, ही आर्किटेक्टने नंतर स्वतःच्या नावावर जमा केलेली गोष्ट.

नकाशा नीटनेटका होता. मूळ मंजूर नकाशावर जुने हेड काळ्या, सरकवलेले निळ्या आणि नवे लाल रंगाने दाखवले होते, आणि सोबत पाइपच्या व्यासाची तपशीलवार नोंद होती. पाहणीसाठी आलेल्या अग्निशमन विभागाच्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न काचेच्या भिंती छतापर्यंत जातात का, हाच विचारला. त्याचे उत्तर नकाशातच असल्यामुळे पुन्हा फेरी मारावी लागली नाही. एजन्सीच्या पाहणीपासून मंजुरी हाती येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्यातला दीड आठवडा आमचाच होता, कारण नकाशा तयार झाल्यावर आम्ही एका केबिनची जागा बदलली.

याच बदलापाशी तक्रार सुरू होते. सुधारित नकाशासाठी त्यांनी वेगळी रक्कम मागितली, पण मूळ दरपत्रकात किती वेळा बदल समाविष्ट आहेत याचा कोठेच उल्लेख नव्हता. त्याहून खटकलेली बाब म्हणजे 'लायझनिंग' (म्हणजे सरकारी कार्यालयातील पाठपुरावा) नावाचा एक मोठा ठोक आकडा, ज्यात शासकीय शुल्क किती आणि त्यांची स्वतःची फी किती हे समजायला मार्ग नव्हता. लेखापालाच्या कार्यालयात असे बिल पाठवणे हे धाडसच म्हणायचे. आम्ही लेखी विचारणा केली. दोन स्मरणपत्रांनंतर शासकीय शुल्काची पावती आणि उरलेल्या रकमेचे स्वतंत्र बिल मिळाले. दरपत्रक मागवतानाच ही विभागणी लिहून घेतली असती तर एवढा पत्रव्यवहार झाला नसता, ही चूक आमचीही.

प्रत्यक्ष काम शनिवार-रविवारी झाले. मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी केली तेव्हा काळे, उग्र वासाचे पाणी बादल्या भरभरून निघाले. वर्षानुवर्षे पाइपमध्ये साचून राहिलेल्या पाण्याचे हेच होते. यंत्रणा बंद असलेल्या काळात मजल्यावर अग्निशामक सिलिंडरसह एक माणूस सतत उभा ठेवला होता आणि वेल्डिंग टाळून आटे पाडलेले व कपलिंगचे जोड वापरले. काढलेले जुने हेड त्यांनी पुन्हा बसवले नाहीत, सर्व नवे आणले. इंटिरिअर कंत्राटदाराच्या एका ओळीत जुनेच हेड सरकवायचे होते, हे नंतर कळले. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन लाइन दोन तास तपासली, व्हॉल्व्ह उघडला आणि पाइपमधून पाणी वाहू लागले की इशारा देणाऱ्या फ्लो स्विचचा संकेत तळमजल्यावरील पॅनेलवर येतो की नाही, हे आमच्या समोर करून दाखवले.

सोमवारी रंगारी सीलिंगला शेवटचा हात मारायला आला आणि पांढऱ्या सीलिंगवर ते लाल बल्ब बरे दिसत नाहीत म्हणून रोलर घेऊन त्यांच्याकडे वळला. ६८ अंशांना फुटणाऱ्या त्या काचेच्या बल्बवर रंग बसला की तो उशिरा फुटतो किंवा फुटतच नाही, आणि असा हेड बदलण्यावाचून इलाज नसतो. एजन्सीने प्रत्येक हेडला कागदी टोपी घालून ठेवली असती तर हा प्रसंग आला नसता. आमच्या शिपायाने वेळीच हाक मारली, म्हणून ४० हेड वाचले. टोप्या त्यानंतर आल्या, आणि रंग वाळल्यावर त्या काढून नेण्यासाठी एजन्सीला दोनदा फोन करावा लागला.

नमुना 'अ' आणि बदलांनंतरचा अंतिम नकाशा काम संपल्यापासून बारा दिवसांत मिळाला. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा नमुना 'ब' चा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो; त्यासाठी त्यांनी लगोलग तीन वर्षांच्या देखभाल कराराचा प्रस्ताव पुढे केला. तांत्रिक बाजू पाहता आम्ही त्यांनाच ठेवले, पण एका वर्षासाठी, आणि दरपत्रकात 'लायझनिंग' हा शब्द नसेल या अटीवर.