सोलर पॅनेलचे बोल्ट: पिन टॉर्क्स, वन-वे की शिअर नट?

शेतात सौर पंपाचे पॅनेल उभे राहिले की पहिली काळजी चोरीची. बसवणारे सहसा ८ मिमीचे साधे षटकोनी नट-बोल्ट लावून जातात. ते उघडायला १३ नंबरचा पाना पुरतो आणि तो कुठल्याही गॅरेजात मिळतो. म्हणून बोल्ट बदलायचे ठरवलंत तर योग्यच. पण कोणते घ्यायचे, हे एका प्रश्नावर ठरतं: हा बोल्ट तुम्हाला पुन्हा उघडावा लागणार आहे का?

पॅनेलच्या बाबतीत उत्तर 'हो' आहे. गारपिटीत काच फुटली तर पॅनेल उतरवावंच लागतं. त्यामुळे वन-वे स्क्रू इथे बाद. त्याच्या खाचेला एका बाजूने उतार असतो. साध्या स्क्रू ड्रायव्हरने घट्ट होतो, उलटा फिरवला की ड्रायव्हर घसरतो. नावाची पाटी किंवा खिडकीची जाळी कायमची ठोकायची असेल तर उत्तम आणि स्वस्त. दोन भोकांचा स्क्रू मात्र मी कुठेच सुचवणार नाही. टोकदार पक्कड भोकांत अडकवली तरी तो फिरतो.

खरी निवड उरते पिन टॉर्क्स आणि शिअर नट यांत. पिन टॉर्क्सच्या डोक्यात सहा पाकळ्यांचा खळगा आणि मधोमध एक खुंटी असते. साधा स्टार बिट आत जात नाही, त्याला मध्ये भोक असलेला बिट लागतो. पकड घट्ट बसते, कडा लवकर झिजत नाहीत. मधोमध खुंटी असलेल्या ॲलन (षटकोनी खळग्याच्या) बोल्टपेक्षा मला हा म्हणूनच जास्त पटतो. उणीव अशी की तो बिट बाजारात सहज मिळतो. तयारीने आलेला चोर यावर थांबणार नाही.

शिअर नट थांबवतो. आवळताना ठरावीक जोर आला की त्याचा षटकोनी भाग तुटून हातात येतो आणि मागे गुळगुळीत शंकू उरतो. त्यावर पाना बसत नाही. काढायचा तर ग्राइंडर हवा, आणि तो काही गुपचूप चालत नाही.

माझं मत: वस्तीपासून लांबच्या शेतात प्रत्येक पॅनेलला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर शिअर नट, बाकी सगळीकडे पिन टॉर्क्स. पॅनेल बदलायची वेळ आली तर दोनच नट कापावे लागतील. घराच्या गच्चीवर नुसते पिन टॉर्क्स पुरे.

आता धातू. देशावर स्टेनलेस स्टीलचा ३०४ ग्रेड चालतो. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात ३१६ घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे तो मिठाला जास्त टिकतो. महाग पडतो, पण गंजून आखडलेला चोरीरोधक बोल्ट काढणं हा फार मोठा मनस्ताप आहे. दुकानात ३०४ सांगून २०२ हा हलका ग्रेड गळ्यात मारला जाऊ शकतो. लोहचुंबक इथे कामाचा नाही, कारण चुंबक दोन्हींना जवळपास सारखाच चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट ड्रिल मशीनने जोरात आवळला तर आटे एकमेकांत रुततात आणि बोल्ट तिथेच जाम होतो. पिन टॉर्क्सच्या आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, हाताने आवळा. ८ मिमीच्या गोल डोक्याच्या बोल्टला बहुधा टी-४० बिट लागतो. दोन घ्या आणि दोन्ही घरी ठेवा, पंपाच्या कंट्रोलरच्या पेटीत नको.