घरविम्याचं दुसरं पान मी उघडलंच नव्हतं

मी सांगलीत गावभागात राहते. गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात आग लागली. विमा असूनही घरातल्या एकाही वस्तूचा पैसा मिळाला नाही. ज्यांनी घरकर्जाबरोबर विमा घेतलाय, त्यांनी हे कृपया वाचा.

2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी होतं. त्या दुरुस्तीसाठी 2022 मध्ये 12 लाखांचं कर्ज काढलं. बँकेत बसणाऱ्या विमा प्रतिनिधीने आमच्या पुराच्या धास्तीचाच फायदा घेतला. "ताई, पूर, आग, भूकंप, सगळं यात आलं. निर्धास्त राहा." आमच्याच कंपनीचा विमा घ्यावा लागेल, नाहीतर कर्ज अडकेल, हेही त्यानंच सांगितलं. अशी सक्ती करता येत नाही, विमा कुठल्याही कंपनीचा चालतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या. कर्जातूनच 38,000 रुपये कापले गेले.

आग फ्रीजमागच्या प्लगमधून लागली. अग्निशमनची गाडी येईपर्यंत फ्रीज, ट्रॉल्या आणि शेजारच्या खोलीतलं लाकडी कपाट गेलं. कपाटात सासूबाईंची पैठणी होती. वरून घडी धड दिसत होती. उचलली तर घडीच्या रेषेवरच तुटली, हातात राख आणि जरीच्या तारा राहिल्या.

विम्यासाठी नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले. भिंती, फरशी, वायरिंग यांचे 3,10,000 रुपये त्यांनी धरले, ते मिळालेही. वस्तूंची यादी पुढं केली तेव्हा त्यांनी पॉलिसीचं दुसरं पान उलटून बोट ठेवलं. इमारत 12 लाख, घरातल्या वस्तू शून्य.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात इमारतीबरोबर वस्तूंचा विमा घेतला की इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, वस्तूंना आपोआप संरक्षण मिळतं, वेगळी यादी द्यावी लागत नाही. म्हणजे मला 2,40,000 पर्यंत मिळू शकले असते. माझ्या अर्जात 'वस्तूंचा विमा नको' या चौकटीत टिक होती. दागिन्यांसाठी तर वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, तेही कुणी बोललं नाही.

आणि 38,000 पैकी घरविम्याचा हप्ता फक्त 4,200 होता! बाकी सगळे कर्जाला जोडलेल्या जीवन विम्याचे. मी तो मागितलाच नव्हता.

इमारतीची रक्कमही नीट बघा. आमची 12 लाख होती, कारण कर्ज 12 लाखांचं. घर पुन्हा बांधायला किती लागेल याचा तिथं कुणी हिशेबच केला नव्हता. आमच्या गवंड्याने 19 लाख सांगितले. सगळं घर जळालं असतं तर वरचे 7 लाख आम्ही कुठून आणले असते?

मी आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं, "सही आपलीच आहे." मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज दिला. तिथं फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर एका वर्षाच्या आत तिथं जाता येतं. सोबत विम्याच्या भरलेल्या अर्जाची रंगीत प्रत जोडली आहे. माझी सही काळ्या शाईची आहे. टिक निळी आहे.