वाळवीच्या औषधाला ११ महिने झाले, आणि मी भोकं मोजली

चौरस फुटाला ९ रुपये, १,०५० फूट, एकूण ९,४५० रुपये आणि ५ वर्षांची लेखी वॉरंटी. मागच्या पोळ्यानंतर आम्ही घराला वाळवीचं औषध मारून घेतलं. दहाव्या महिन्यात मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीच्या वर, भितीवर मातीची नळी परत चढलेली दिसली. तीन आठवडे फोन केले तेव्हा माणूस आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. काम मात्र सगळं सांगते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पुढचं घर स्लॅबचं, मागची खोली जुनी, मातीच्या भितीची आणि कवेलूची. आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात आणि ती वावरात, धुऱ्यावर सगळीकडे असते, म्हणून घरात दिसली तरी कोणी घाबरत नाही. मीही घाबरले नाही, आणि तिथेच दोन महिने गेले.

औषध मारायच्या आधी, मागच्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पावसात पंखवाले किडे आले. दिव्याभोवती ते दरवर्षीच येतात. पण त्या रात्री ते बाहेरून येत नव्हते, मागच्या खोलीत फरशीच्या फटीतून निघत होते. सकाळी खिडकीत पंखांचा खच पडला होता. चारही पंख एकाच लांबीचे. मुंग्यांना पंख फुटतात तेव्हा पुढची जोडी मोठी आणि मागची लहान असते, शिवाय मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची जाड. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फडा घेतला आणि झाडून टाकलं. किडे घराच्या आतून निघाले म्हणजे वारूळ घराखाली किंवा अगदी लगत आहे, एवढं कळलं असतं तर तेव्हाच माणूस बोलावला असता.

जुलैत चौकटीपाशी थोडी माती पडलेली दिसली. आमच्या जुन्या खाटेला घुण लागला होता, तसंच असेल असं मी धरून चालले. ही चूक बरेच जण करतात. घुण लागला की लाकडाला बारीक गोल छिद्रं पडतात आणि खाली पिठासारखा कोरडा भुसा सांडतो. वाळवी असला भुसा सांडत नाही. ती लाकूड आतून खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते आणि पोकळीत ओली माती भरते. घुण लागलेली खाट उचलून उन्हात नेता येते, तेवढ्याच लाकडावर इलाज करता येतो. वाळवी जमिनीतून येते, चौकट बदलली तरी ती नव्या चौकटीत चढते.

पोळ्याला रंग काढायचा म्हणून चौकट पुसत होतो. सासूबाईंनी विळ्याच्या मुठीने खालून वर ठोकत नेलं आणि थांबल्या. "पोरी, हे काऊन असं पोकळ वाजून राहिलं?" मी पेचकस टेकवला, जोरही लावला नाही, तो मुठीपर्यंत आत गेला. पुढच्या दाराची सागाची चौकट ठणठणीत होती. मागची आडजात लाकडाची, ती खाली दोन फूट नुसती कागदासारखी उरली होती.

भितीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी होती. मी तिचा बोटभर तुकडा मधून खरवडला, बाकी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्याच जागी काळपट ओली माती लावून नळी जोडलेली. कोरड्या नळीवर ताजा ओला जोड उठून दिसत होता. म्हणजे आत वाळवी जिवंत होती. ही परीक्षा कोणीही करावी, पैसा लागत नाही.

यांचं म्हणणं होतं की कपाशीवर मारायचं औषध घरात पडलंच आहे, तेच मारू. मी नाही म्हटलं. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते उघड्या वावरात. इथे तर बंद खोली, धान्याची कोठी आणि रांगणारं लेकरू. शिवाय वरून मारलेल्या औषधाने नळीतल्या मरतात, जमिनीतली राणी अंडी घालतच राहते. रॉकेल आणि जळकं ऑइल आम्ही आधी लावून पाहिलं होतं, वाळवीने एक हात बाजूने नवी वाट काढली.

आता भोकांबद्दल. राहत्या घरासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा भाग ३ आहे. फरशी आणि भीत जिथे मिळते तिथे १२ मिलिमीटरची भोकं, दर ३०० मिलिमीटरवर, म्हणजे फुटाला एक. प्रत्येकात औषध आत जाईल तितकं, जास्तीत जास्त १ लिटर. खोलीच्या आतलं मुख्य काम हेच आहे. जमिनीत औषधाचा सलग पट्टा तयार झाला तरच उपयोग, मध्ये जागा सुटली की वाळवी तिथूनच येणार. औषध मारायला कंपनीचा पहिला मुलगा आला तेव्हा मी कोठी रिकामी करून देते म्हटलं होतं. तो म्हणाला, "ताई, राहू द्या, मागून पाइपने मारतो." नळी परत दिसली त्या दिवशी आम्ही गहू पोत्यात भरला, कोठी सरकवली आणि मी टेप लावला. १४ फुटांची भीत. कोठीमागच्या ५ फुटांत एकही भोक नाही. उरलेल्या ९ फुटांत ५ भोकं. जिथे १४ हवी तिथे ५! वरून पांढऱ्या सिमेंटने इतकं सफाईने बुजवलेलं की इतके महिने मला काम चोख वाटत राहिलं.

फोनवर उत्तर काय, तर "भितीला ओल आहे, वॉरंटी लागू नाही." मातीच्या भितीला पावसाळ्यात ओल असणारच, ते घर बघूनच तर भाव ठरवला होता. मी टेपसकट फोटो पाठवले तेव्हा दुसरा माणूस आला.

हा वयस्क होता, आणि त्याचं काम बघून माझं मत थोडं बदललं. त्याने सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली, इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, आणि लिटरला २.१ मिली म्हणजे २० लिटरला ४२ मिली मापाने मोजून घेतलं. पहिल्याने झाकणाने अंदाजे ओतलं होतं. उरलेल्या नळ्या लगेच पुसू नका म्हणाला, वाळवीला या औषधाची चाहूल लागत नाही, ती त्यातून ये-जा करते आणि इतरांना लावते, असर दिसायला काही आठवडे जातात. मग तो मागच्या अंगणात गेला आणि मला बोलावलं. आम्ही पऱ्हाट्या आणि तुराट्यांची, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांची गंजी भितीलाच टेकवून रचली होती. त्याने खालच्या चार काड्या उचलल्या, वाळवी वळवळत होती. औषधाचा पट्टा जमिनीत, आणि तिला भितीवर चढायला आम्हीच पूल करून दिलेला. पहिल्या मुलाने हे सांगायला हवं होतं, पण गंजी आमचीच होती. म्हणून कंपनीला पाचपैकी एक तारा देणार होते, तीन देते. पाच नाही, कारण ती ५ फूट जागा पूर्ण पैसे घेऊन सोडली होती.

ज्यांना लगेच ठरवायचं आहे त्यांच्यासाठी: कुंपणाचा खांब किंवा सुटी फळी असेल तर स्वतः बघा, उचलून फेका. घराच्या भितीवर जिवंत नळी असेल, किंवा चौकट, मयाल (छताची मोठी तुळई), वासा पोकळ वाजत असेल, तर थांबू नका. कीटकनाशक कायदा १९६८ खालच्या नियमांनुसार या कामाला परवाना लागतो, तो मागून बघा. आणि भोकं बुजवायच्या आधी टेप लावा, नंतर नाही.

आता गंजी भितीपासून आठ फूट लांब आहे. कोठी विटांवर ठेवली, मागे हात जाईल एवढी जागा ठेवून. दुसऱ्या फेरीला पाच आठवडे झाले, खरवडलेली नळी जोडली गेलेली नाही. मागची चौकट मात्र काढावीच लागली. सुतार साग घ्या म्हणत होता, सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. मी लोखंडी सांगितली आहे, सोमवारी बसते.