इलेक्ट्रिक गाडी खानदेशात: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

मार्च २०२५ मध्ये गाडी घेतली, आता भरिताच्या वांग्यांचा हंगाम भरात आहे. म्हणजे आमच्याकडचा अख्खा उन्हाळा, पावसाळा, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई, सगळं या गाडीने पाहिलं. एवढं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. शोरूममधून बाहेर पडल्यावर आठवड्यात लिहिलेल्या अनुभवात गाडीपेक्षा नव्या गाडीचा आनंदच जास्त असतो.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव घेतलं की अर्धे लोक तिच्या बाजूने आणि अर्धे तिच्याविरुद्ध उभे राहतात आणि मुद्दा राहतो बाजूला. एवढं सांगतो: पाच जणांची उंच गाडी, ४० युनिटच्या आसपासची बॅटरी, एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची. माझं अमळनेरला कृषी केंद्र आहे. धरणगाव, चोपडा, पारोळा, धुळे या पट्ट्यात बियाणं, ठिबकचं सामान आणि उधारीची वसुली यासाठी रोज फिरणं असतं. आधी पेट्रोल गाडी होती, ती विकली.

निकाल आधीच सांगून टाकतो. मी पेट्रोलकडे परत जाणार नाही. पण पेट्रोल गाड्यांची विक्री अमुक सालापासून बंद, असा कायदा उद्या निघाला तर त्याला माझा विरोध असेल. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून कशी निघतात, ते पुढे येईलच.

खेड्यात गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला: "जिभाऊ, एक चार्जमा कितली चालस?" कागदावर चारशेच्या वर. हिवाळ्यात, ऐंशीच्या वेगाने, दोनशे ऐंशी आरामात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, एसी पूर्ण, तेव्हा दोनशे चाळीस धरा. हायवेला शंभरचा काटा धरलात तर त्यातूनही कमी. माझं रोजचं फिरणं शंभर-सव्वाशेच्या आत, त्यामुळे हा आकडा मला कधी नडला नाही. रात्री घरी लावायची, सकाळी भरलेली. पेट्रोल पंपाची वाट मी जवळजवळ विसरलो.

उन्हाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या अनुभवांत ते येत नाही. बॅटरीला पाण्याचं कूलिंग आहे, त्यामुळे चालताना काही त्रास नाही. पण भर दुपारी फास्ट चार्जरला लावली की आतला पंखा आणि कॉम्प्रेसर असे घोंघावतात की शेजारी बोलणं ऐकू येत नाही, आणि चार्जिंगचा वेग बऱ्यापैकी उतरतो. बॅटरी तापू नये म्हणून गाडीच करंट कमी घेते. उन्हाळ्यात बाहेरचं चार्जिंग सकाळी नाहीतर दिवस मावळल्यावर, हे मी पक्कं करून टाकलं.

खरी गंमत घरी झाली. मेच्या मध्यावर एका रात्री भिंतीवरच्या चार्जरचा दिवा लाल झाला आणि गाडीने चार्जिंग घ्यायला साफ नकार दिला. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. गाडी आणल्यापासून ते याच क्षणाची वाट पाहत असावेत. "तरी मी सांगेल व्हतं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मीटर लावला, तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये वीसेक व्होल्ट. ते तीन-चारच्या आत हवेत. गाडीत, चार्जरमध्ये काहीच दोष नव्हता. आमची काळी माती उन्हाळ्यात तळहात मावेल एवढ्या भेगा देते, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक झाला होता. फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर अशा अर्थिंगवर वर्षानुवर्षं चालतात, कोणी तक्रार करत नाही. ही गाडी करते. अर्थिंग धड नसेल तर ती वीज घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे. मग जुना खड्डा उकरला, नवा पाइप खोल उतरवला, कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर तोंड उघडं ठेवलं. पाऊस पडेपर्यंत रोज संध्याकाळी त्यात एक बादली पाणी ओतायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या प्रत्येक खानदेशी माणसाला माझा पहिला सल्ला हाच: गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवा.

खर्चाचं बोलू. जुनी गाडी लिटरला पंधरा द्यायची, पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. ही गाडी शंभर किलोमीटरला १३ युनिट खाते, चार्जिंगमधली घट धरून १५. इथे एक खाच आहे. घरगुती मीटरवर तीनशे युनिटच्या पुढे गेलात की दर असा चढतो की बिल पाहून घाम फुटतो. माझं पहिलं बिल असंच आलं. मग पीएम सूर्यघर योजनेतून छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, त्याला ७८ हजारांचं अनुदान मिळालं. आमच्याकडे ऊन फुकट आणि भरपूर. गाडी दिवसा गावोगाव आणि ऊन छतावर, पण नेट मीटरमुळे दिवसाची वीज रात्रीच्या हिशेबात वळती होते. सोलरचा खर्च बाजूला ठेवला तर आता किलोमीटरला रुपया-दीड रुपया पडतो. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र युनिटचा दर आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीनच्या आसपास. पेट्रोलपेक्षा निम्मं, पण ज्याचा सगळा भार बाहेरच्या चार्जिंगवर असेल त्याची बचत तेवढीच.

सर्व्हिसिंगमध्ये सांगण्यासारखं काही नाही. टायर थोडे लवकर झिजतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर सस्पेन्शन वाजतं, ते पेट्रोल गाडीचंही वाजायचं.

घाटाची भीती मात्र फुकटची निघाली. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तीन-चार टक्के जास्तीचे जातात, उतरताना दोनेक टक्के परत येतात. आणि घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर क्लच नाही, गिअर नाही, गाडी मागे सरकण्याची धास्ती नाही. एवढ्या एका सुखासाठी मी ही गाडी पुन्हा घेईन.

आता दुखणं. लग्नासाठी सुरतेला, उधन्याला जायचं होतं. खानदेशी माणसाचे निम्मे नातेवाईक सुरतेत असतात, तेव्हा हा प्रवास चुकत नाही. धुळे, साक्री, कोंडाईबारी, नवापूर, अडीचशेच्या आसपास किलोमीटर. एका दमात पोचली असती, पण चार माणसं, आहेराचं सामान आणि एसी असताना काठावरचा हिशेब मला नको होता. नवापूरच्या अलीकडे एका हॉटेलात ॲपवर दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग, हिरव्या, मोकळ्या दिसत होत्या. प्रत्यक्षात एक बंद, दुसरीला गुजरात पासिंगची गाडी लागलेली आणि मालक आत जेवत. त्याची गाडी निघेपर्यंत आमची शेवभाजी झाली, चहा झाला, मामींचं "बसने गेलो असतो तर" सुरू झालं. नंबर आला तर त्या कंपनीचं वेगळं ॲप, त्यात आधी पैसे भरा, आणि रेंज नाही म्हणून ओटीपी येईना. शेवटी हॉटेलवाल्या पोराने त्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. पेट्रोल पंपावर नोट दिली की काम होतं. हायवेवरच्या चार्जरला ती साधी गोष्ट अजून जमत नाही, आणि माझी तक्रार गाडीपेक्षा याची जास्त आहे.

आता त्या बंदीच्या वादाकडे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की २०३५ पासून धूर सोडणारी नवी कार विकायची नाही. त्याच वेळी जर्मनीने कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या गाड्यांसाठी फट ठेवून घेतली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्याच आयोगाने गाड्यांच्या कार्बनमध्ये शंभर टक्क्यांऐवजी नव्वद टक्के कपातीचा प्रस्ताव पुढे केला. ब्रिटनने २०३० चं २०३५ केलं आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २०३०. आपल्याकडे २०१७ मध्ये त्या वेळचे ऊर्जामंत्री पीयूष गोयल २०३० नंतर पेट्रोल-डिझेलची एकही गाडी विकली जाऊ नये, असं म्हणाले होते. २०१९ मध्ये नीती आयोगाने १५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २०२५ पासून फक्त इलेक्ट्रिक, अशी कल्पना मांडली. दुचाकी कंपन्यांनी ओरड केली आणि ती मागे पडली. आता खासगी गाड्यांचं लक्ष्य २०३० पर्यंत तीस टक्के विक्रीचं आहे, आणि आपण अजून शंभरात पाचच्या आसपास आहोत.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. तिथे २०२४ मध्ये नव्या दहा गाड्यांतल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. पण त्यांनी पेट्रोलवर बंदी घातलीच नाही. पेट्रोल गाडीवर जबर कर लावला, इलेक्ट्रिकला सोडला, आणि त्यांची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची. उलट इथिओपियाने २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेल गाड्यांची आयातच थांबवली. वीज त्यांचीही पाण्यावरची, आणि तेलासाठी डॉलर आणायचे कुठून हा प्रश्न होता.

आपली वीज कशावरची? माझं उत्तर भुसावळला दिसतं. दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच कोळशावर धडधडतात. देशातली पाऊण हिस्सा वीज अशीच येते. म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. शंभर किलोमीटरला, तारांमधली गळती धरून, १८ युनिट निर्माण करावे लागतात. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेबारा किलो. पेट्रोल गाडीचे सहा-सात लिटर, लिटरला २.३ किलो, म्हणजे १५ किलो. बॅटरी बनवतानाचा कोळसा यात नाही, आणि रिफायनरीचाही नाही. फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. अमळनेरच्या बाजारपेठेतला धूर कमी झाला आणि थोडा दीपनगरच्या चिमणीत गेला, असंच म्हणावं लागेल. साक्रीत १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, तेव्हा हा आकडा सुधारत जाईल. पण त्यालाही जमीन लागते. दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी विखरणच्या धर्मा पाटलांनी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि त्यात ते गेले. स्वच्छ विजेच्या चर्चेत ते नाव आमच्याकडे कोणी विसरत नाही.

दुसरी गोष्ट शहरातल्या चर्चेत येतच नाही: मका. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल झालं, आणि त्यातलं बरंच आता मक्यापासून होतं. माझ्या दुकानात मक्याच्या बियाण्याची मागणी कशी वाढली ते मला माहीत आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ताकद असते, त्यामुळे ॲव्हरेज पडल्याची कुरकुर गिऱ्हाईक माझ्याकडेच करतं, आणि तेच गिऱ्हाईक मक्याचा भाव विचारून जातं. उद्या पेट्रोल गाडीच बंद केली तर या मक्याचं काय, हे एकाच सरकारची दोन खाती एकमेकांना कधी विचारणार?

आणि बंदीचा चटका कोणाला बसेल? शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्याला नाही. आमच्याकडची मोठी गिऱ्हाइकी जुन्या गाड्यांची. पुणे-मुंबईत वापरलेली, सात-आठ वर्षांची गाडी इथे येते, इथे पुढची दहा वर्षं चालते. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलवर बंदी आली तेव्हा तिथल्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत उतरल्या. नवी पेट्रोल गाडी थांबली की काही वर्षांत जुन्या गाड्यांचे भाव चढतील, आणि आठ वर्षांची वॉरंटी संपत आलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यायला शेतकरी सहजी धजणार नाही. बॅटरीची तब्येत दाखवणारा, सगळ्यांना मान्य असा कागद जुन्या बाजारात आधी आला पाहिजे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिकला टोल माफ झाला तो मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूवर. यातला एकही रस्ता खानदेशातून जात नाही. धुळ्याला जाताना माझा फास्टॅग अजून वाजतो.

कराच्या बाबतीत तर उलटंच झालं. मी गाडी घेतली तेव्हा इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी आणि छोट्या पेट्रोल गाडीवर २८ अधिक उपकर होता. सप्टेंबर २०२५ पासून छोटी पेट्रोल गाडी १८ वर आली. तेव्हा एका हाताने तारखा जाहीर करायच्या आणि दुसऱ्या हाताने अंतर कमी करायचं, यातून माणसाने काय समजायचं? माझ्या मते तारखेपेक्षा नॉर्वेसारखा कराचा फरक आणि हायवेवर दर पन्नास किलोमीटरला चालू, साध्या यूपीआयवर चालणारा चार्जर, एवढं केलं तर पेट्रोल आपोआप मागे सरकेल.

माझ्याजवळ स्वतःचं अंगण होतं, स्वतःचं छत होतं, म्हणून हे जमलं. चोपड्याच्या मावसभावाने परवा विचारलं, घेऊ का? तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी रस्त्यावर लावतो, आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. त्याला मी जुनी पेट्रोलच बघ म्हणालो, आणि सोबत यायलाही तयार झालो.