एकाच गिटारवर चार हंबकर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या अनेक महिन्यांत मी एकाच इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या टोकाजवळ, आळीपाळीने चार हंबकर वापरले. हंबकर म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, दोन कॉइलचा आणि गुणगुण दाबणारा पिकअप. त्यांपैकी ‘फिफ्टी-नाइन’, ‘जेबी’ आणि ‘सेथ लव्हर’ हे तीन सेमूर डंकन या कंपनीचे आहेत आणि चौथा, ‘सुपर डिस्टॉर्शन’, डिमार्झिओचा आहे. प्रत्येकाला पुरेसा अवधी दिला, कारण नवा पिकअप बसवल्यावर पहिल्या संध्याकाळी जो फरक सुखावतो तो बहुधा नुसता आवाज वाढल्याचा असतो. घरचा सराव, रेकॉर्डिंग आणि ड्रम व बेसच्या संगतीत वाजवणे या तिन्हींतून गेल्याशिवाय पिकअपचा स्वभाव कळत नाही. या वापरातून माझे एक मत पक्के झाले आहे: ब्रिजवरच्या हंबकरची पारख व्हॉल्यूमचा नॉब दहावर ठेवून होत नाही, तो सहा-सातवर आणल्यावर होते. पुढचे सगळे वर्णन त्याच अंगाने केले आहे.

तुलनेला अर्थ यावा म्हणून बाकी सर्व गोष्टी कायम ठेवल्या होत्या. गिटार महोगनीची, वर मेपलचा थर असलेली, सुमारे ६२८ मिलिमीटर स्केलची (कंप पावणाऱ्या तारेची लांबी), तारा दहा ते सेहेचाळीसच्या (इंचाच्या हजारांशांत जाडी) संचातल्या, पॉट (नॉबखालचे बदलते रोध) ५०० किलोओहमचे, केबल तीन मीटरची, अँप व्हॅक्यूम ट्यूबचा. रेकॉर्ड केलेले तुकडे एकामागोमाग ऐकताना सर्वांची पातळी सारखी करून घेतली, आणि ही काळजी मला बाकी सगळ्या काळज्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. दोन नमुन्यांत जो किंचित मोठा वाजतो तो कानाला अधिक भरदार आणि अधिक स्पष्ट वाटतोच, मग त्याचा टोन कसाही असो.

पिकअप निवडताना बहुतेकांची नजर आधी डीसी रोधाच्या, म्हणजे कॉइलच्या तारेच्या विद्युत रोधाच्या, आकड्यावर जाते. ब्रिजचे ‘फिफ्टी-नाइन’ आणि ‘सेथ लव्हर’ सुमारे ८ किलोओहमचे, ‘सुपर डिस्टॉर्शन’ १३ ते १४ च्या दरम्यानचा आणि ‘जेबी’ १६ च्या थोडा पुढचा. एवढ्यावरून ‘जेबी’ सर्वांत दणकट असावा असा समज होतो. प्रत्यक्षात माझ्या अँपचा आवाज सर्वांत आधी तुटायला, म्हणजे फाटून ओव्हरड्राइव्ह व्हायला, लावतो तो ‘सुपर डिस्टॉर्शन’. याचे कारण असे की रोध हा तारेची लांबी आणि जाडी यांवर ठरतो, आणि ‘जेबी’मध्ये ४४ गेजची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ४२ गेजपेक्षा बारीक तार गुंडाळलेली असते. बारीक तारेमुळे तेवढ्याच वेढ्यांचा रोध वाढतो, पण सिग्नल त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी बदलतो. त्यामुळे ८ किलोओहमचा पिकअप १० अंशांनी तापला की मीटर ८.३ दाखवतो. दोन पिकअपच्या मोजमापातल्या दशांशांच्या फरकावरून टोनचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

टोनबद्दल अधिक सांगणारी राशी म्हणजे कॉइलचे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल किती अडवते ते. पिकअपचे इंडक्टन्स आणि केबलसह एकूण कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुनाद बिंदू तयार होतो. तिथे आवाज उठून येतो आणि त्याच्या वरचा ट्रेबल झपाट्याने गळतो. जुन्या धाटणीचा हंबकर साधारण साडेचार हेन्रीचा धरला आणि एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरडच्या आसपास धरले, तर हा बिंदू ३,००० हर्ट्झजवळ येतो. साडेआठ हेन्रीच्या पिकअपमध्ये तो २,२०० च्या जवळपास उतरतो. एकाला आपण मोकळा म्हणतो आणि दुसऱ्याला मिडने, म्हणजे मधल्या कंप्रतांनी, भरलेला म्हणतो, त्या वर्णनांमागचा मोठा भाग हाच आहे. केबल तीनऐवजी सहा मीटरची लावली की सर्वच पिकअपचा हा बिंदू खाली येतो, म्हणून केबल बदलून केलेल्या तुलनेला मी तुलना मानत नाही.

आता एकेका पिकअपकडे वळतो. ‘फिफ्टी-नाइन’मध्ये अल्निको पाच (अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे) चुंबक आहे आणि तो मेणात बुडवून पक्का केलेला असतो. त्याचा खर्ज घट्ट आहे, ट्रेबलला किंचित धार आहे आणि मधला भाग थोडा आत ओढल्यासारखा वाटतो. एकट्याने वाजवताना हा टोन फार देखणा वाटतो. दुसरा गिटारवादक आणि बेस सोबत आले की तोच मधला भाग कमी पडतो आणि अँपवरचा मिडचा नॉब वाढवावा लागतो. क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजावर वाजवलेले, प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येणारे कॉर्ड ही मात्र त्याची खरी ताकद आहे, आणि सहाव्या-सातव्या अंकावर तो चिखलासारखा गढूळ होत नाही, उलट अधिक स्वच्छ होतो.

‘जेबी’ बरोबर याच्या उलट आहे. त्याच्या वरच्या मिडमध्ये एक पुढे येणारा, बोलका उठाव आहे, त्यामुळे एकेरी स्वरांची सोलो धून गर्दीतूनही ऐकू येते आणि लांबवलेला स्वर गाऊ लागतो. ट्यूब अँपच्या ओव्हरड्राइव्हवर, व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना, या चौघांत मला तोच सर्वांत रोमहर्षक वाटला. हा उठाव प्रत्येक गिटारवर सारखा बसेल असे मात्र नाही. मूळच्याच उजळ आवाजाच्या, मेपल नेकच्या गिटारवर तो कर्कश होण्याची शक्यता असते, आणि काही वादक अशा गिटारवर २५० किलोओहमचा पॉट लावून तो मऊ करतात ते याच कारणाने. माझ्या महोगनीच्या गिटारवर तो प्रश्न आला नाही. माझी अडचण वेगळी होती: व्हॉल्यूम कमी केल्यावर ‘जेबी’चा आवाज कमी होतो, पण त्याचे वळण फारसे बदलत नाही. क्लीनच्या जवळ यायला तो नाखूश असतो, आणि आलाच तर जाड, बंदिस्त वाटतो.

‘सुपर डिस्टॉर्शन’ १९७२ सालचा आहे. गिटारचा मूळ पिकअप काढून त्या जागी बसवण्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या पिकअपमध्ये तो अगदी सुरुवातीचा. सिरॅमिक चुंबक आणि अधिक वेढे यांच्या जोरावर अँपच्या पहिल्याच ट्यूबला तो इतका सिग्नल देतो की मध्यम गेनवरही (अँप सिग्नल किती वाढवतो ते) तारेचा प्रत्येक फटका दाटून येतो. सिरॅमिक म्हणजे कोरडा, काचेसारखा टोन ही प्रचलित समजूत या पिकअपला लागू पडत नाही; याचे लो-मिड भरदार आहेत आणि ट्रेबल गोलसर आहे. जाड तारांवरच्या पॉवर कॉर्डना याच्याइतके वजन दुसऱ्या कोणीही दिले नाही. गेनवर ठेवून तासन्‌तास रिफ वाजवायचे असतील तर तो घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. क्लीन आवाजासाठी मी त्याला फार काळ ठेवू शकलो नाही, कारण अँपला क्लीन ठेवायचे तर व्हॉल्यूम इतका खाली आणावा लागतो की ट्रेबलही सोबत जातो.

या ठिकाणी व्हॉल्यूमचा नॉब का महत्त्वाचा ते सांगणे भाग आहे. पॉट मधल्या जागेवर आला की त्याचा रोध आणि केबलचे कपॅसिटन्स मिळून ट्रेबल गाळून टाकणारी एक गाळणी तयार होते, आणि पिकअप ज्या प्रमाणात आधीच जाड असेल त्या प्रमाणात हा तोटा जास्त खुपतो. टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या बाहेरच्या टोकाऐवजी त्याच्या मधल्या टोकाला जोडण्याची, पन्नासच्या दशकातली जुनी पद्धत वापरली तर ट्रेबल बराच टिकतो. मी ती जोडणी चारही पिकअपसाठी तशीच ठेवली, आणि तरीही फरक उरला. ज्या पिकअपमध्ये आउटपुट कमी आणि अनुनाद वर, त्याच्याकडून एकाच अँप सेटिंगवर क्लीन, किंचित तुटणारा आणि पूर्ण ओव्हरड्राइव्ह असे तिन्ही आवाज नुसत्या बोटाने मिळतात. वादकाच्या हाताला असा प्रतिसाद देणारा पिकअप मला पेडलांच्या रांगेपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि म्हणूनच ‘सेथ लव्हर’विषयी थोडे सविस्तर लिहितो. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी हंबकरसाठी १९५५ साली पेटंटचा अर्ज केला आणि ते १९५९ साली मंजूर झाले. त्या सुरुवातीच्या काळात पिकअपच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचे लेबल असे, त्यावरून त्या जुन्या पिकअपना ‘पीएएफ’ हे नाव पडले. सेमूर डंकनचा हा ‘सेथ लव्हर’ पिकअप त्याच संशोधकाच्या सहभागाने तयार झाला. यात अल्निको दोन चुंबक आहे, निकेल सिल्व्हरचे आवरण आहे, आणि मूळ पद्धतीला धरून तो मेणात बुडवलेला नाही. पहिल्या काही दिवसांत तो बाकीच्यांच्या शेजारी दुबळा भासतो, कारण त्याचा फटका मऊ असतो आणि खर्ज सैल. पुढे लक्षात येते की तारेला हलके छेडले तर तो कुजबुजतो आणि जोरात मारले तर खरखरीत ओरडतो, आणि हा सारा पल्ला अँपपर्यंत पोहोचतो. सहावर आणलेल्या व्हॉल्यूमवर त्याचा ट्रेबल इतका मोकळा राहतो की तो हंबकर आहे हे क्षणभर विसरायला होते. मेण नसल्यामुळे आवरण आणि कॉइल कंप पावतात. त्यातून येणारा जिवंतपणा हवाहवासा आहे, मात्र मोठ्या आवाजात आणि जास्त गेनवर तो शिट्टीसारखा फीडबॅकही देतो. तीव्र डिस्टॉर्शन वाजवणाऱ्याने याच्या वाटेला न जाणे बरे.

हंबकरच्या दोन कॉइलमधले अंतर सुमारे १८ मिलिमीटर असते, त्यामुळे तारेची हालचाल दोन ठिकाणी वाचली जाते आणि काही उंच स्वरांश एकमेकांना मारतात. माझ्या स्केलवर जाड ई तारेसाठी हा प्रकार सुमारे २,९०० हर्ट्झला घडतो, तर बारीक ई तारेसाठी ११,००० च्या पुढे, जिथे गिटारच्या स्पीकरमधून फारसे काही निघतच नाही. म्हणजे कॉइल स्प्लिट केल्यावर, दोनपैकी एकच कॉइल चालू ठेवल्यावर, जाड तारांवर जो उघडेपणा जाणवतो तो केवळ इंडक्टन्स घटल्याचा नसतो. तार एकाच ठिकाणी वाचली जाते हेही त्यात आहे. ‘जेबी’साठी मला समांतर जोडणी (दोन्ही कॉइल एकामागोमाग न जोडता शेजारी जोडणे) फार उपयोगी पडली: इंडक्टन्स सुमारे चौथाईवर येते, अनुनाद वर सरकतो, गुणगुण दाबलेलीच राहते, आणि या पिकअपकडे जो क्लीन आवाज नसतो तो मिळतो. स्प्लिटमध्ये गुणगुण परत येते, म्हणून मंचावर मी ते टाळतो.

पिकअपच्या उंचीविषयी कोणतीही तडजोड करू नये. ब्रिज पिकअप तारांच्या फार जवळ असला की आउटपुट वाढते आणि फटका कोरडा होतो. अर्धा मिलिमीटर खाली केल्यावर ‘फिफ्टी-नाइन’चा मधला भाग अधिक मोकळा झाला आणि ‘सुपर डिस्टॉर्शन’ची गढूळ बाजू बऱ्याच अंशी गेली. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजावे, ब्रिजला सुमारे दीड ते दोन मिलिमीटरपासून सुरुवात करावी आणि तिथून कानाने जावे. नवा पिकअप नापसंत करण्यापूर्वी हा स्क्रू फिरवून पाहणे अगत्याचे आहे.

नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेकडच्या दुसऱ्या पिकअपच्या जागी, ‘फिफ्टी-नाइन’ कायम राहिला. ब्रिजला ‘जेबी’ असताना दोन्ही पिकअप एकत्र लावले की नेकचा पिकअप झाकला जातो आणि पातळी जुळवण्यासाठी नेक वर उचलावा लागतो. ‘सेथ लव्हर’सोबत स्विचच्या मधल्या जागेवर दोघांचा मिलाफ अतिशय सुरेख जमतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवताना तारांचे रंग मात्र जपून पाहावेत. सेमूर डंकनच्या नेहमीच्या जोडणीत काळी तार सिग्नलची, हिरवी अर्थची आणि लाल-पांढऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, हिरवी अर्थची आणि काळी-पांढरी एकत्र. तरीही दोन्ही पिकअप मिळून आवाज पोकळ, नाकातला आणि खर्ज हरवलेला आला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन सिग्नल एकमेकांना खोडत आहेत, असे समजून चार तारांच्या पिकअपच्या सिग्नल आणि अर्थच्या तारांची अदलाबदल करावी. ‘सेथ लव्हर’ जाळीच्या वेष्टणात एकच तार असलेल्या प्रकारचा असेल तर ही सोय त्यात नाही, कारण जाळी आवरणाला जोडलेली असते. मग बदल दुसऱ्या पिकअपवर करावा लागतो. सध्या माझ्या ब्रिजवर ‘सेथ लव्हर’ आहे, व्हॉल्यूम बहुतांश वेळ सातवर असतो, आणि जास्त गेनच्या कामासाठी ‘सुपर डिस्टॉर्शन’ मी दुसऱ्या गिटारवर बसवला आहे.